बोलिव्हियातील कथिल-चांदीच्या शिरा

अग्निज खडकांच्या उथळ अंतर्वेशनांत (शिलारस आधीच्या खडकांत घुसून थिजल्याने तयार झालेल्या राशींत) व त्यांच्या लगतच्या खडकांत पडलेल्या भेगा उष्ण विद्रावांतून साचलेल्या खनिजांनी भरून येऊन बनलेले आणि कथिल व चांदी हे दोन्ही धातू एकाच ठिकाणी देणारे निक्षेप (साठे). अशा शिरा जगात थोड्या ठिकाणी आढळतात. त्यांपैकी सर्वांत मोठ्या व सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या शिरा दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियात पोटोसी, ओरुरो व त्यांच्या आसपासच्या डोंगरांत आहेत. दोन धातूंचे हे साहचर्य भूवैज्ञानिकांना दीर्घकाळ कोड्यात टाकणारे ठरले. कारण कथिल हा खोलवर थिजलेल्या ग्रॅनाइटाचा व उच्च तापमानाचा सोबती, तर चांदी ही उथळ भागातील व कमी तापमानाची सोबतीण, असे यूरोपातील खाणींच्या अनुभवावरून मानले जात असे.

इंग्लंडमधील कॉर्नवॉल हे त्या अनुभवाचे प्रमाणभूत उदाहरण होय. तेथे सु. २७ ते २९ कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटात व त्याच्या कडेला कथिल, त्याच्या वर व बाहेर तांबे आणि त्याहून बाहेर शिसे, जस्त व चांदी असा क्रम सर्वसाधारणपणे आढळतो. डोलकोथ या खाणीतून आधी तांबे काढले जात होते. खोल जाता जाता तांबे संपले व त्याच शिरांत कथिल लागले. धातूंच्या अशा क्रमवार मांडणीला पट्टरचना म्हणतात. ग्रॅनाइटापासून दूर जावे तसे विद्राव थंड होत जातात व ज्या तापमानाला जो धातू विद्रावात राहू शकत नाही, तेथे तो साचतो, असे तिचे स्पष्टीकरण दिले जाते. कॉर्नवॉलमध्ये हे पट्टे एकमेकांपासून दूर पसरलेले आहेत. पोटोसीला मात्र एकाच शिरेत, कधीकधी हातात मावेल एवढ्या एकाच तुकड्यात, कथिलाचे ऑक्साइड व चांदीचे सल्फाइड शेजारी शेजारी दिसतात.

इतिहास : पोटोसी शहराच्या दक्षिणेस शंकूच्या आकाराचा सेरो रिको (समृद्ध डोंगर) उभा आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सु. ४,८०० मी. असून शहरच सु. ४,००० मी. उंचीवर वसलेले आहे. येथील चांदीच्या शिरांचा शोध १५४५ मध्ये स्पॅनिश अंमलाखाली लागला. जवळच्या पोर्को येथील चांदी इंका लोकांना त्यापूर्वीच ठाऊक होती. प्रारंभी काढलेले धातुक इतके समृद्ध होते की, स्थानिक लोक डोंगरउतारांवर वाऱ्याच्या झोतावर चालणाऱ्या मातीच्या लहान भट्ट्यांत ते वितळवीत. समृद्ध धातुक संपत आल्यावर १५७० नंतरच्या दशकात पारा वापरून चांदी काढण्याची पद्धत येथे आली. त्यासाठी लागणारा पारा पेरूमधील वांकाव्हेलिका येथून येई. त्याच सुमारास व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो यांनी ‘मिता’ ही सक्तीच्या मजुरीची पद्धत पोटोसीसाठी लागू केली. तिच्या आरंभीच्या काळात दरवर्षी सु. १३,५०० पुरुषांना आपापली गावे सोडून पोटोसीला यावे लागे. त्यांच्यातील मृत्यूंची संख्या कोणी नेमकी नोंदवलेली नाही. या डोंगरातून आजवर ३०,००० ते ६०,००० टन चांदी निघाली असावी, असा अंदाज आहे. अंदाजात एवढे अंतर असण्याचे एक कारण म्हणजे कर चुकवून बाहेर गेलेली चांदी होय. स्पॅनिश अमेरिकेतील चांदीची नाणी यूरोपमार्गे सुरतेसारख्या बंदरांत येत व तेथील मोगल टांकसाळीत वितळवून त्यांचे रुपये पाडले जात. त्यामुळे सतराव्या शतकात पश्चिम भारतात फिरणाऱ्या रुपयात या डोंगराचाही अंश असे.

पोटोसीच्या खाणकामगारांनी धातुकांचे दोन प्रकार केले होते. वरच्या भागातील तांबूस, भुसभुशीत धातुकाला ते ‘पाको’ व खालच्या काळसर, गंधकयुक्त धातुकाला ‘नेग्रिल्यो’ म्हणत. पाकोतील चांदी पाऱ्याने सहज निघे. नेग्रिल्यो आधी भाजावे लागे. पोटोसी येथील धर्मगुरू व धातुतज्ञ आल्व्हारो आलोन्सो बार्बा यांनी १६४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात धातू काढण्याच्या या पद्धतींचे तपशीलवार वर्णन केले आहे. पाको व नेग्रिल्यो यांतील भेद व्यवहारातून आला असला, तरी तो भूवैज्ञानिक दृष्ट्या अचूक आहे. हवा व पावसाचे पाणी जेथवर झिरपले तेथवर सल्फाइडांचे ऑक्सिडीभवन झाले आणि त्यांतील चांदी क्लोराइड व मूळ धातू या रूपांत उरली. कथिलाचे खनिज मात्र या क्रियेत जवळजवळ जसेच्या तसे राहते.

हे कथिल स्पॅनिश काळात बहुतांशी टाकाऊ ठरले. चांदी काढून झाल्यावर उरलेला चुरा व नको असलेले दगड खाणींच्या तोंडाशी ढीग करून टाकले जात. चिलीतील आंतोफागास्ता बंदरापासून निघालेला लोहमार्ग १८९२ मध्ये ओरुरोला पोहोचला. त्याच काळात चांदीचा भाव घसरत होता आणि कल्हई केलेल्या पत्र्याच्या डब्यांसाठी कथिलाची मागणी वाढत होती. तेव्हा जुन्या चांदीच्या खाणी कथिलासाठी पुन्हा उघडण्यात आल्या व टाकलेले ढीगही उपसले गेले. सीमोन पातिन्यो यांना १९०० मध्ये यायाग्वा येथील साल्व्हादोरा खाणीत कथिलाची अतिशय समृद्ध शीर लागली व काही वर्षांतच ते जगातील मोठ्या धनिकांत गणले जाऊ लागले.

याच सुमारास भूविज्ञानाचे लक्ष या शिरांकडे वेधले गेले. जर्मनीतील फ्रायबर्ग येथील खाणकाम विद्यालयाचे प्राध्यापक आल्फ्रेट व्हिल्हेल्म श्टेल्झनर यांनी बोलिव्हियातून आलेल्या नमुन्यांचा अभ्यास केला. त्यांचा प्रबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला. चांदी व कथिल यांची खनिजे एकाच शिरेत एकाच खनिजीकरणाच्या ओघात साचली आहेत, हे त्यात मांडले होते. कथिल, शिसे, अँटिमनी व गंधक यांनी बनलेली फ्रांकेइट व सिलिंड्राइट ही चमत्कारिक खनिजे याच पट्ट्यात प्रथम सापडली व १८९३ मध्ये त्यांची वर्णने प्रसिद्ध झाली. एकाच स्फटिकात कथिल व शिसे यांचा असा संयोग म्हणजे उच्च व नीच तापमानाच्या धातूंच्या सरळ विभागणीला दिलेला उघड छेदच होता.

भूवैज्ञानिक परिस्थिती : बोलिव्हियाचा कथिल पट्टा अँडीजच्या पूर्वेकडील रांगेतून दक्षिण पेरूपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत सु. ९०० किमी. लांब पसरला आहे. चिलीतील तांब्याचे प्रचंड निक्षेप पॅसिफिक किनाऱ्याच्या बाजूला, तर हा पट्टा त्यापासून आत, खंडाकडच्या बाजूला आहे. पूर्वेकडील रांगेत प्रामुख्याने पुराजीव महाकल्पातील सागरी पंकाश्म व वालुकाश्म यांचे अतिशय जाड व वळ्या पडलेले थर आहेत. पॅसिफिकचा तळ खंडाखाली सरकत असताना येथे कवच जाड झाले व त्याचा खालचा भाग काही प्रमाणात वितळला. त्यातून आलेला शिलारस पट्ट्याच्या उत्तर भागात खोलवर थिजून ग्रॅनाइट बनला. दक्षिण भागात तो मायोसीन कालखंडात (सु. २·३ कोटी ते ५३ लक्ष वर्षांपूर्वी) पृष्ठभागाच्या अगदी जवळ येऊन थिजला. तेथे ग्रॅनाइटाच्या विशाल राशींऐवजी ज्वालामुखींच्या मुळांशी असणारे लहान स्कंध, घुमट व भित्ती आढळतात. कथिल व चांदी यांचे निकट साहचर्य या दक्षिण भागातच आहे, आणि कोड्याची किल्लीही तेथेच सापडली.

सेरो रिको हा डेसाइट या खडकाचा घुमट आहे. पृष्ठभागावर त्याचा विस्तार सु. १·७ × १·२ किमी. असून खाली तो नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो व खोलवर केवळ सु. १०० मी. रुंदीची भित्ती उरते. वॉल्डेमार लिंडग्रेन व जे. जी. क्रीव्हलिंग यांनी १९२८ मध्ये येथील धातुकांचे वर्णन प्रसिद्ध केले. बहुतेक शिरा मीटरभरापेक्षाही अरुंद, एकमेकींना जवळजवळ समांतर व उभ्या उताराच्या आहेत. वर घुमटात त्या असंख्य बारीक फाट्यांत विभागल्या गेल्या आहेत, तर खाली त्यांची संख्या कमी होते व त्या घुमटाखालच्या जुन्या गाळाच्या खडकांतही शिरतात. खनिजीकरण उभ्या दिशेने १,१०० मी. पेक्षा अधिक अंतरावर पसरले आहे. खालच्या भागात कॅसिटेराइट (कथिलाचे ऑक्साइड), क्वॉर्ट्‌झ, पायराइट, आर्सेनोपायराइट, बिस्मथाची खनिजे व थोडे वुल्फ्रॅमाइट आढळतात. त्यांवर नंतरच्या टप्प्यांत स्टॅनाइट (कथिल, तांबे व लोह यांचे सल्फाइड), स्फॅलेराइट, चांदीयुक्त टेट्राहेड्राइट व पायरार्जिराइट ही साचली. पायरार्जिराइट हे चांदी, अँटिमनी व गंधक यांचे गर्द लाल खनिज असून त्यात सु. ६० टक्के चांदी असते. डोंगराच्या माथ्यावर अम्लधर्मी वाफांनी व पाण्याने फेल्स्पार खनिजे धुऊन नेली आहेत; मागे उरलेला सिलिकामय, सच्छिद्र खडक टोपीसारखा बसला आहे. शंकूचा आकार टिकून राहण्यास ही कठीण टोपी बऱ्याच अंशी कारणीभूत आहे.

उत्पत्ती : हे साहचर्य कसे घडले, याचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळत गेले. ए. एफ. बडिंग्टन यांनी १९३५ मध्ये असे दाखविले की, अंतर्वेशन उथळ असेल तर उच्च तापमानाचे विद्राव पृष्ठभागाजवळ येतात व तेथे तापमान आणि दाब थोड्याच अंतरात झपाट्याने उतरतात. मग कॉर्नवॉलमध्ये लांबवर पसरलेले पट्टे येथे दुर्बिणीच्या नळ्या एकीत एक सरकाव्यात तसे एकमेकांत सरकतात. फ्रेडरिक टर्नोर यांनी त्याच वर्षी यायाग्वा येथील शिरांचे व फ्रीडरिख आल्फेल्ड यांनी पुढील वर्षी संपूर्ण कथिल पट्ट्याचे विवेचन प्रसिद्ध केले.

तापमानाविषयीच्या या तर्काला प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो खनिजांच्या स्फटिकांत अडकलेल्या द्रवबिंदूंपासून. स्फटिक वाढत असताना त्यात मूळ विद्रावाचे सूक्ष्म थेंब कोंडले जातात. थंड झाल्यावर थेंबात बुडबुडा व कधी मिठाचा स्फटिक तयार होतो. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तापवत गेल्यास ज्या तापमानाला बुडबुडा नाहीसा होतो, त्यावरून विद्रावाचे तापमान काढता येते व मिठाच्या स्फटिकावरून त्याची लवणता कळते. डब्ल्यू. सी. केली व टर्नोर यांनी १९७० मध्ये पूर्व अँडीजमधील अनेक खाणींसाठी अशी मापने प्रसिद्ध केली. प्रारंभीचे कथिल देणारे विद्राव ३००° से. पेक्षा बरेच अधिक तापमानाचे व काही ठिकाणी समुद्राच्या पाण्याच्या कित्येक पट खारट होते; अखेरच्या टप्प्यातील विद्राव मात्र २००° से. पेक्षाही थंड व सौम्य होते. म्हणजे कथिल व चांदी शेजारी असली तरी समकालीन नव्हेत. एकाच भेगेतून एकामागून एक आलेल्या विद्रावांनी त्या साचविल्या. ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या समस्थानिकांच्या अभ्यासावरून प्रारंभीचे पाणी मुख्यत्वे शिलारसातून आले व पुढे त्यात पावसाचे झिरपलेले पाणी मिसळत गेले, असे दिसते. श्टेल्झनर यांचे खनिजीकरणाच्या एकाच ओघाचे मत व उष्ण आणि शीत धातूंच्या विभागणीचा जुना आग्रह, या दोहोंनाही यात आपापली जागा मिळते.

या दोन्ही धातूंची वाहतूक मुख्यतः क्लोराइडांच्या रूपात होते. विद्राव थंड झाला, लगतच्या खडकाशी विक्रिया होऊन त्याची अम्लता कमी झाली किंवा त्यात पावसाचे पाणी मिसळले की, कथिल ऑक्साइडरूपात बाहेर पडते. चांदी कमी तापमानापर्यंत विद्रावात टिकते व पुढे गंधक आणि अँटिमनी यांच्याशी संयोग पावून साचते. परंतु विद्रावात कथिल यावे यासाठी ते आधी शिलारसात साठलेले असावे लागते. भूकवचात कथिलाचे सरासरी प्रमाण दहा लक्ष भागांत केवळ दोन भागांच्या आसपास आहे. शिलारसात ऑक्सिजन विपुल असेल, तर कथिल टायटॅनियमयुक्त व लोहयुक्त खनिजांत शिरून विखुरते. ऑक्सिजन कमी असेल, तर ते स्फटिकांबाहेर राहते व थिजत जाणाऱ्या शिलारसाच्या अखेरच्या अंशात साठते. बोलिव्हियातील शिलारस सेंद्रिय पदार्थयुक्त जुन्या गाळातून काही अंशी वितळून आल्याने ऑक्सिजनाच्या बाबतीत दरिद्री होता. त्यामुळेच अग्निज अंतर्वेशन दिसले की कथिल सापडेलच, असे म्हणता येत नाही. अखेरच्या शिलारसातील कथिल शिरांत न जाता भरड स्फटिकांच्या पेग्मटाइट खडकातही अडकू शकते. छत्तीसगढमधील बस्तर भागातील कथिल अशा पेग्मटाइटात व त्याच्या झिजेतून झालेल्या गाळात सापडते.

किरणोत्सर्गी कालमापनाने या घटनांचा वेगही उघड झाला. सेरो रिकोचा घुमट सु. १ कोटी ३८ लक्ष वर्षांपूर्वी बनला व मुख्य खनिजीकरण त्यानंतर सु. ३ लक्ष वर्षांच्या आत आटोपले, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. चार शतकांहून अधिक काळ माणसांनी उपसलेला साठा पृथ्वीने भूवैज्ञानिक दृष्ट्या क्षणार्धात रचला होता.

समन्वेषण : नव्या शिरा शोधताना प्रथम अंतर्वेशनाच्या कडा, भेगांच्या दिशा व खडकांतील बदल नकाशावर मांडतात. गाभ्याजवळ क्वॉर्ट्‌झ व तोरमल्ली, त्याबाहेर सेरिसाइट (बारीक पांढरे अभ्रक), त्याहून बाहेर मृत्तिका खनिजे व अखेरीस हिरवट झालेला खडक असा क्रम अनेक ठिकाणी दिसतो. तोरमल्लीने काळवंडलेला खडक हा कथिलाच्या दृष्टीने विशेष आशादायक मानतात. कॅसिटेराइट जड (वि. गु. सु. ७), कठीण व न कुजणारे असल्याने ते ओढ्यांच्या वाळूत टिकते, परातीत वाळू धुऊन उरलेल्या जड कणांवरून शिरेचा माग डोंगरापर्यंत काढता येतो. हे कण ओळखण्याची जुनी कसोटी सोपी आहे. ते जस्ताच्या तुकड्यावर ठेवून वर विरल हायड्रोक्लोरिक अम्ल घातल्यास थोड्या वेळात कणांवर कथिलाचा करडा, चकचकीत मुलामा चढतो. चांदीच्या बाबतीत अशी सोय नाही. तिची खनिजे उघड्यावर लवकर नष्ट होतात, म्हणून मातीतील चांदी, शिसे, आर्सेनिक व अँटिमनी यांच्या प्रमाणावरून तिचा अंदाज घ्यावा लागतो. विखुरलेल्या सल्फाइडांचा ठाव विद्युत् पद्धतींनी व झाकलेल्या अंतर्वेशनांचा ठाव चुंबकीय आणि गुरुत्वीय मापनांनी लागतो.

खरी अडचण पुढे येते. शीर अरुंद असते व तिच्यातील समृद्ध भाग सलग नसतात. शिरा एकमेकींना छेदतात वा वळतात तेथे ते साचलेले असतात. एखाद्या छिद्राने काढलेला खडकाचा गाभा दोन समृद्ध भागांच्या मधून गेल्यास शीर निकृष्ट वाटते, आणि नेमका समृद्ध भागातून गेल्यास भलतीच आशा निर्माण होते. त्यामुळे अखेर शिरेच्या बाजूने बोगदा खणून ठरावीक अंतरावर तिच्या आडव्या छेदाचे नमुने घेणे, हाच विश्वसनीय मार्ग ठरतो. नमुन्याच्या पृथक्करणातही फसगत होऊ शकते. कॅसिटेराइट नेहमीच्या अम्लांत विरघळत नाही. ते सोडियम पेरॉक्साइडासारख्या द्रव्याबरोबर वितळवून घेतले नाही, तर अहवालात कथिल प्रत्यक्षाहून कितीतरी कमी दिसते. कथिल कोणत्या खनिजात आहे हेही पाहावे लागते, कारण कॅसिटेराइट पाण्याच्या प्रवाहात वजनावरून वेगळे करता येते, स्टॅनाइट तसे येत नाही. बोलिव्हियातील अनेक धातुकांत कॅसिटेराइटाचे कणच इतके बारीक असतात की, त्यांचा मोठा वाटा गाळाबरोबर वाहून जातो.

यायाग्वा येथील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथील साल्व्हादोरा स्कंधात शिरांचे दाट जाळे आहे व त्यातून निघालेल्या कथिलाचे प्रमाण सु. ५ लक्ष टनांहून अधिक मानले जाते. आर. एच. सिलिटो, सी. हॉल्स व जे. एन. ग्रँट यांनी १९७५ मध्ये असे प्रतिपादिले की, शिरा हा येथील खनिजीकरणाचा केवळ एक भाग असून संपूर्ण स्कंधातच ०·२ ते ०·३ टक्के कथिल विखुरलेले आहे. यामुळे तांब्याच्या पोर्फिरी निक्षेपांशी या डोंगरांचे नाते स्पष्ट झाले. शास्त्रीय दृष्ट्या हा निष्कर्ष महत्त्वाचा असला, तरी इतके विरळ व बारीक कणांचे कथिल फायद्याने काढणे अवघड होते. बोलिव्हियातील मोठ्या खाणींचे १९५२ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले होते. ऑक्टोबर १९८५ मध्ये जागतिक बाजारात कथिलाचा भाव कोसळला आणि सरकारी खाण महामंडळाच्या वीस हजारांहून अधिक कामगारांना काम गमवावे लागले. त्यांपैकी अनेक जण सहकारी संस्था करून जुन्या शिरांतील उरलेसुरले धातुक हाताने काढू लागले. वानुनी येथील सरकारी खाण मात्र पुढेही देशातील प्रमुख कथिल खाण राहिली.

सेरो रिकोमध्येही खाणकाम चालूच आहे. तेथून आता चांदीबरोबर जस्त, शिसे व थोडे कथिल निघते. सिलिकेची धूळ फुप्फुसांत साचून होणारा रोग हा तेथील कामगारांच्या अकाली मृत्यूचे एक मुख्य कारण आहे. डोंगराचा वरचा भाग शिरांच्या दाट जाळ्यामुळे सर्वांत आधी व सर्वांत जास्त पोखरला गेला. ऑक्सिडीभवनाने भुसभुशीत झालेला खडक तेथेच आहे व कठीण टोपीचा भारही त्यावरच आहे. शिखराजवळ २०११ मध्ये मोठा भाग खचून खड्डा पडला. तो भरून काढण्याचे प्रयत्न झाले, तरी खचणे थांबले नाही. सु. ४,४०० मी. उंचीच्या वर खाणकामास मनाई करण्यात आली. परंतु पाकोचे अवशेष त्याच भागात असल्याने ती पुरतेपणी पाळली गेली नाही. पोटोसी शहर व हा डोंगर यांचा युनेस्कोने १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश केला होता. २०१४ मध्ये त्यांची नोंद धोक्यात असलेल्या वारसास्थळांत करण्यात आली.